नेटवर्कवरील फोल्डरला ड्राइव्हचे अक्षर : ‘नेट यूज’ आज्ञा आणि दप्तरखान्याचे पत्ते

तंजावूर : येथील राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, मराठी आणि तेलुगू हस्तलिखितांच्या बरोबरीने तंजावूरच्या भोसले राजवटीची मोडी लिपीतील कागदपत्रे आहेत. त्यांच्या गाठोड्यांची संख्या तेराशेहून अधिक सांगितली जाते. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा कापडात बांधलेल्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. मोडी सहज वाचू शकणारे लोक थोडे आणि विखुरलेले असल्याने अशा कागदांच्या प्रतिमा काढून त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवणे हाच आज व्यवहार्य मार्ग मानला जातो. मात्र प्रतिमा काढून झाल्यावर एक साधा, पण दूरगामी प्रश्न उभा राहतो. अमुक रुमालातील अमुक कागदाची प्रतिमा संगणकावर नेमकी कुठे आहे, हे नोंदवहीत कसे लिहायचे?

कार्यालयांतून या प्रश्नाचे सर्रास दिले जाणारे उत्तर ‘झेड ड्राइव्हवर’ असे असते. हा झेड ड्राइव्ह तयार करणारी विंडोज प्रणालीतील जुनी आज्ञा म्हणजे ‘नेट यूज’. ती कशी चालते, कुठे अडते आणि तिने दिलेल्या अक्षरावर किती विसंबावे, याची माहिती पुढे दिली आहे. उदाहरणांतील सर्व्हरची व फोल्डरची नावे केवळ समजण्यासाठी घेतलेली असून ते कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या संगणकव्यवस्थेचे वर्णन नाही. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.

साठा एकाच ठिकाणी का?

ए-४ आकाराचा एक कागद ४०० डीपीआय घनतेने, पूर्ण रंगात आणि कोणतेही आकुंचन न करता स्कॅन केल्यास त्याची प्रतिमा सुमारे ४६ एमबी जागा घेते. एका रुमालात हजार कागद असले आणि दोन्ही बाजू टिपल्या, तर त्या एका रुमालालाच ९० जीबीहून अधिक जागा लागते. जुने कागद बहुधा ए-४पेक्षा लांब असतात, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणखी वाढतो. इतका साठा प्रत्येक टेबलावरील संगणकात ठेवणे शक्य नसते आणि इष्टही नसते, कारण एकाच कागदाच्या चार ठिकाणी चार प्रती झाल्या की मूळ प्रत कोणती, हाच वाद सुरू होतो. म्हणून प्रतिमा एका सर्व्हरवर ठेवून तेथील फोल्डर नेटवर्कवरून सर्वांना खुला केला जातो. त्याला सामायिक फोल्डर किंवा ‘शेअर’ म्हणतात.

अशा फोल्डरचा पूर्ण पत्ता दोन तिरक्या रेघांनी सुरू होतो :

\\दप्तर\मोडी\रुमाल-०४१७\कागद-००३२

यातील ‘दप्तर’ हे सर्व्हरचे नाव, ‘मोडी’ हे शेअरचे नाव आणि त्यापुढे आतील फोल्डर. या लेखनपद्धतीला यूएनसी पत्ता म्हणतात. कार्यालयाच्या नेटवर्कवरील कोणत्याही विंडोज संगणकावरून तो सारखाच असतो. परंतु तो लांब आहे, टाइप करताना चुकतो आणि काही जुने प्रोग्राम तो स्वीकारतच नाहीत. त्यांना ‘सी:’ किंवा ‘डी:’सारखे अक्षर लागते. ही सवय जुनी आहे. सत्तरच्या दशकातील सीपी/एम प्रणालीत तबकड्यांना अक्षरे होती, १९८१च्या एमएस-डॉसने तीच रीत उचलली आणि आजच्या विंडोजपर्यंत ती चालत आली. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी, ‘सी’ हार्ड डिस्कसाठी. फ्लॉपी जाऊन कित्येक वर्षे लोटली, तरी पहिली डिस्क अजून ‘सी’च आहे.

मूळ आज्ञा

कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत पुढीलप्रमाणे लिहून एंटर दाबले की जोडणी होते :

नेट यूज झेड: \\दप्तर\मोडी

यानंतर त्या संगणकावर ‘झेड:’ हा नवा ड्राइव्ह दिसू लागतो आणि वरचा लांब पत्ता ‘झेड:\रुमाल-०४१७\कागद-००३२’ इतका आखूड होतो. हा केवळ लिहिण्याच्या सोयीचा भाग नाही. विंडोजमधील अनेक प्रोग्राम २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता हाताळू शकत नाहीत. फोल्डरात फोल्डर करत गेलेल्या संग्रहांत ही मर्यादा लवकर गाठली जाते. अशा वेळी सुरुवातीचा लांब भाग एका अक्षरात मिटला की अडलेली फाइल उघडते. शेअरच्या नावापुढील एखाद्या आतील फोल्डरलाही थेट अक्षर देता येते.

पत्त्यात मोकळी जागा असेल, तर संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. कोणते अक्षर रिकामे आहे हे माहीत नसल्यास अक्षराच्या जागी तारांकन द्यावे. विंडोज ‘झेड’पासून उलट्या क्रमाने पाहत पहिले मोकळे अक्षर उचलते. शेवटची अक्षरे वापरण्याची प्रथा याच हिशेबाने पडली आहे, कारण पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क सुरुवातीची अक्षरे घेतात. नोव्हेल नेटवेअरच्या काळात मात्र नेटवर्कचा पहिला ड्राइव्ह ‘एफ:’ असे; अनेक जुन्या कार्यालयांतील कर्मचारी आजही सामायिक साठ्याला ‘एफ ड्राइव्ह’ म्हणतात, मग त्याचे अक्षर काहीही असो.

नुसते ‘नेट यूज’ लिहिले की चालू जोडण्यांची यादी, त्यांची अक्षरे आणि त्यांची स्थिती दिसते. काहीही बिघडल्यास सर्वप्रथम हीच यादी पाहावी. जोडणी तोडण्यासाठी :

नेट यूज झेड: /डिलीट

अक्षराऐवजी तारांकन दिल्यास सर्व जोडण्या एकदम तुटतात. तोडताना त्या ड्राइव्हवरील फाइल उघडी असेल तर विंडोज विचारणा करते. तिला घाईने होकार देऊ नये, अर्धवट जतन झालेली नोंद त्यातच गमावली जाते.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर जोडणी टिकावी असे वाटत असेल, तर आज्ञेच्या शेवटी ‘/पर्सिस्टंट:येस’ जोडावे. केवळ त्या बैठकीपुरती हवी असेल, तर ‘/पर्सिस्टंट:नो’. काहीच लिहिले नाही, तर मागच्या वेळी जे सांगितले होते तेच गृहीत धरले जाते. त्यामुळे शेजारच्या दोन संगणकांवर एकच आज्ञा वेगवेगळी वागताना दिसते. दोन्हींपैकी एक स्पष्ट लिहिणे केव्हाही बरे.

वेगळ्या नावाने जोडायचे असल्यास ‘/यूजर:’ या पर्यायापुढे वापरकर्त्याचे नाव येते. पासवर्ड त्याच ओळीत लिहिता येतो, परंतु लिहू नये. तो पडद्यावर दिसतो, वर-खाली बाणांनी पुन्हा समोर आणता येतो आणि बॅच फाइलमध्ये लिहिल्यास ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतो. पासवर्डच्या जागी तारांकन टाकल्यास तो स्वतंत्रपणे विचारला जातो आणि टाइप करताना दिसत नाही.

अक्षर कोणाचे?

‘झेड:’ हे अक्षर सर्व्हरला ठाऊक नसते. ते त्या एका संगणकावरच्या, त्या एका वापरकर्त्याच्या, त्या एका लॉगइनपुरते असते. शेजारच्या टेबलावर त्याच फोल्डरला ‘वाय:’ म्हणता येते आणि ‘झेड:’ हे अक्षर हिशेब विभागाच्या फोल्डरला दिलेले असू शकते. त्याच संगणकावर दुसऱ्या व्यक्तीने लॉगइन केले तरी पहिलीचा ‘झेड:’ तिला दिसत नाही. फार काय, ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडलेल्या खिडकीत सामान्य खिडकीत केलेली जोडणी सहसा आढळत नाही, कारण विंडोज या दोन बैठका वेगळ्या मानते. अनुभवी तंत्रज्ञही येथे गोंधळतात.

याचा सर्वांत गंभीर परिणाम रात्रीच्या बॅकअपवर होतो. प्रतिमांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर नेणारी बॅच फाइल दिवसा हाताने चालवली की व्यवस्थित चालते. तीच वेळापत्रकात टाकली की रात्री वेगळ्या बैठकीत सुरू होते, तिला ‘झेड:’ सापडत नाही आणि काम न होताच ती संपते. नोंद कुणी तपासली नाही, तर नक्कल होत नाही हे डिस्क बंद पडेपर्यंत कळत नाही. एखादा कागद स्कॅननंतर आणखी जीर्ण होऊन तुटला असेल, तर ती प्रतिमाच त्याचा शेवटचा पुरावा असते. म्हणून आपोआप चालणाऱ्या कामांत अक्षर न वापरता पूर्ण यूएनसी पत्ता द्यावा, किंवा त्याच बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत ‘नेट यूज’ने जोडणी करून शेवटच्या ओळीत ती तोडावी. कमी परिचित असलेली ‘पुशडी’ ही आज्ञाही येथे उपयोगी पडते : तिला यूएनसी पत्ता दिला की ती तात्पुरते अक्षर स्वतः घेते आणि ‘पॉपडी’ लिहिताच ते परत करते.

नोंदवहीचा प्रश्नही याच जातीचा आहे. सूचीत प्रतिमेचा पत्ता ‘झेड:\रुमाल-०४१७’ असा लिहिला, तर ती नोंद लिहिणाऱ्याच्या टेबलापुरती खरी असते. संगणक बदलला, अक्षर बदलले किंवा सूचीची प्रत दुसऱ्या गावच्या अभ्यासकाकडे गेली, की प्रतिमा जागच्या जागी असूनही सापडेनाशी होते. यूएनसी पत्ता याहून बरा, परंतु तोही सर्व्हरच्या नावाला बांधलेला असतो आणि सर्व्हर पाच-सात वर्षांत बदलतात. नव्या सर्व्हरला जुनेच नाव देणे किंवा नेटवर्कवर पर्यायी नाव नोंदवून ते दर वेळी चालू सर्व्हरकडे वळवणे, हे त्यावरचे प्रचलित उपाय आहेत.

छापील सूचींनी हा पेच संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला होता, आणि त्याचे उत्तम उदाहरण तंजावूरचेच आहे. राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी आर्थर कोक बर्नेल यांनी केली. ती १८८० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथालय १९१८ साली सर्वांसाठी खुले झाले आणि १९२८पासून पी. पी. एस. शास्त्री यांच्या संपादनाखाली संस्कृत हस्तलिखितांची विस्तृत वर्णनात्मक सूची खंडाखंडाने निघू लागली. तिचे १९ खंड झाले. नव्या सूचीत ग्रंथांना नवे क्रमांक मिळाले, पण जुने क्रमांक पुसले गेले नाहीत. हस्तलिखिताच्या नोंदीत त्याचा बर्नेलच्या सूचीतील क्रमांक आणि तेथील पानही दिले गेले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील एखाद्या लेखात बर्नेलचा क्रमांक उद्धृत केलेला असला, तरी आजचा वाचक त्या पोथीपर्यंत पोहोचू शकतो. कपाट बदलले, दालन बदलले, तरी क्रमांक ग्रंथाचाच राहिला.

संगणकावरही तेच पथ्य पाळावे लागते. सूचीत कागदाचा कायम क्रमांक लिहावा, फाइलच्या नावातही तोच असावा आणि तो क्रमांक सध्या कोणत्या फोल्डरात आहे हे एका वेगळ्या कोष्टकात ठेवावे. सर्व्हर बदलला की कोष्टकातील एक ओळ बदलते. हजारो नोंदींना हात लावावा लागत नाही. रुमालागणिक अक्षर देण्याचा मोहही टाळावा. रोमन वर्णमालेत अक्षरेच २६, त्यातली तीन-चार आधीच गुंतलेली. तेराशे रुमालांना ती कशी पुरणार? वरच्या एका शेअरला एकच अक्षर देऊन बाकीची उतरंड फोल्डरांनी बांधणे योग्य.

फोल्डरची नावे देवनागरीत ठेवावीत का, हा प्रश्न मराठी संस्थांत नेहमी निघतो. विंडोजची साठवणपद्धती देवनागरी नावे बिनतक्रार स्वीकारते. अडचण दिसण्याची आहे : जुन्या कमांड खिडकीत जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळत नाहीत, कधी नुसत्या चौकटी दिसतात, आणि आज्ञा टाइप करताना भाषा सारखी बदलावी लागते. त्यापेक्षा मोठी अडचण लेखनाची. तंजावर, तंजावूर आणि तंजोर ही एकाच गावाची तीन नावे मराठीत प्रचारात आहेत; माणसाला ती एकच वाटतात, संगणकाला तीन. म्हणून फोल्डरना क्रमांकाधारित नावे द्यावीत आणि वर्णन सूचीत मराठीत लिहावे.

परवानगी आणि धोका

अक्षर मिळाले म्हणजे अधिकार मिळाला असे नाही. सामायिक फोल्डरवर दोन पातळ्यांवर परवानगी तपासली जाते : एक शेअरची, दुसरी डिस्कवरील फोल्डरची. दोन्हींत जी अधिक कडक असेल ती लागू होते. संग्रहाच्या दृष्टीने मूळ प्रतिमांच्या फोल्डरवर अभ्यासक आणि सूचीकार यांना केवळ वाचनाचा अधिकार असावा. लिहिण्याचा अधिकार स्कॅनिंगच्या एका खात्यापुरता ठेवावा. कारण रॅन्समवेअर संगणकावर आला की तो अक्षर असलेला प्रत्येक ड्राइव्ह चाळतो आणि ज्यावर लिहिण्याची मुभा आहे तो कुलूपबंद करतो. सर्व्हर वेगळ्या खोलीत आहे, याने काही फरक पडत नाही.

मे २०१७मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने तर फाइल सामायिक करण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचाच आधार घेतला होता. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या नव्या आवृत्तीपासून ती जुनी पद्धत आपोआप बसवली जात नाही. याचा प्रत्यक्ष परिणाम असा, की केवळ जुनीच पद्धत जाणणारे स्कॅनर आणि साठवण यंत्रे नव्या संगणकांशी जोडली जात नाहीत. अशा वेळी जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सहज मिळतो; तो मानण्यापेक्षा यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे किंवा स्कॅन आधी त्या यंत्राला जोडलेल्या संगणकावर घेऊन मग सर्व्हरवर नेणे श्रेयस्कर. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक दार लावले : प्रो आवृत्तीत पासवर्डविना, पाहुणा म्हणून होणारी जोडणी आता आपोआप नाकारली जाते. पासवर्ड न ठेवता चालवलेली छोटी साठवण यंत्रे अद्ययावतीकरणानंतर एकाएकी ‘गायब’ होतात, त्यामागे बहुधा हे कारण असते.

सामायिक फोल्डर थेट इंटरनेटवर उघडा करू नये. एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट संस्थेच्या भिंतीआडच राहिला पाहिजे. बाहेरगावच्या अभ्यासकाला प्रवेश द्यायचा तर व्हीपीएनमार्गे, किंवा निवडक प्रतिमा संकेतस्थळावर ठेवून.

अडथळ्यांचे क्रमांक

आज्ञा फसली की विंडोज त्रुटीचा क्रमांक सांगते. तो लिहून ठेवल्यास निम्मे निदान तिथेच होते. त्रुटी ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही : नाव चुकले, सर्व्हर बंद आहे किंवा फायरवॉल आडवी आली. त्रुटी ६७ आल्यास सर्व्हरच्या पुढचा भाग, म्हणजे शेअरचे नाव, आधी तपासावे. ८५ म्हणजे मागितलेले अक्षर आधीच वापरात आहे. ५ म्हणजे प्रवेश नाकारला, आणि १३२६ म्हणजे वापरकर्त्याचे नाव वा पासवर्ड चुकीचा.

१२१९ ही त्रुटी मात्र शब्दांवरून उलगडत नाही. विंडोज एका बैठकीत एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडू देत नाही. सूचीकाराने सकाळी वाचक म्हणून ‘मोडी’ शेअर जोडला आणि दुपारी स्कॅनिंगच्या खात्याने त्याच सर्व्हरवरील दुसरा शेअर मागितला, की ही त्रुटी येते. पासवर्ड अचूक असूनही. अशा वेळी ‘नेट यूज’ची यादी पाहून त्या सर्व्हरच्या जुन्या जोडण्या तोडाव्यात आणि मग नव्या नावाने जोडावे. यादीत अक्षर नसलेली जोडणीही असू शकते, कारण फाइल एक्सप्लोररमध्ये पत्ता लिहून उघडलेला फोल्डरही सर्व्हरशी जोडणी करतो. ती तोडताना अक्षराच्या जागी पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

‘नेट यूज’ ऐंशीच्या दशकातील नेटवर्क सॉफ्टवेअरमधून आलेली आज्ञा असली, तरी ती आजच्या विंडोजमध्येही आहे. पॉवरशेलमध्ये तेच काम ‘न्यू-एसएमबीमॅपिंग’ करते. मोठ्या संस्थांत ग्रुप पॉलिसीद्वारे सर्व संगणकांना एकसारखे अक्षर दिले जाते, जेणेकरून ‘झेड:’ म्हटल्यावर निदान त्या इमारतीत तरी सर्वांना एकच फोल्डर कळावा. स्वतःच्याच डिस्कवरील फोल्डरला अक्षर द्यायचे असल्यास ‘सब्स्ट’ ही वेगळी आज्ञा आहे. लिनक्समध्ये ड्राइव्हची अक्षरे नसतात. तेथे सर्व्हरवरचा फोल्डर आपल्या फोल्डरांच्या उतरंडीतच एखाद्या जागी बसवला जातो, आणि विंडोज संगणकांना लिनक्स सर्व्हरवरील साठा दाखवण्याचे काम १९९२पासून विकसित होत आलेले सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर करते. मर्यादित निधीत चालणाऱ्या संग्रहांसाठी हा स्वस्त पर्याय आहे, आणि वाचकाच्या टेबलावरील आज्ञा त्यासाठी बदलावी लागत नाही.